धाकट्या आईच्या आवाजात

मटांगानी, ८ नोव्हेंबर

बाबा,

सलाम. हे पत्र धाकटी आई तुम्हाला वाचून दाखवील. आवाज तिचा असेल, त्यामुळे तुमची शपथ मोडत नाही. ‘तो डबा पाठीवरून कायमचा उतरवेपर्यंत सोमोएचा आवाज माझ्या कानावर पडणार नाही, अल्लाची शपथ,’ असं तुम्ही धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणालात आणि फाझाला निघून गेलात. अक्षराबद्दल काही बोलला नव्हतात. मी इमामसाहेबांना मुद्दाम विचारून घेतलंय. ते आधी हसले, मग दाढी कुरवाळत म्हणाले, “पत्राला आवाज नसतो, पोरी. पण तुझ्या जिभेला धार आहे, ती कागदावर उतरू देऊ नकोस.”

धाकटी आई, आपलं दोघींचं कधी फारसं जमलं नाही, ते राहू दे बाजूला. आहे तसं वाच. मध्ये तुझा मसाला घालू नकोस, आणि बाबांनी नाक मुरडलं म्हणून पुढची ओळ गाळू नकोस.

बाबा, माझं लग्न ठरलंय. मुलगा हेमेदी. वांगाचा, म्हणजे किनाऱ्याच्या पार दक्षिण टोकाचा. बोलतो तेव्हा अर्धे शब्द गिळतो, पण मनाने सरळ आहे. आमच्या कासवांच्या बोटीवर हवेच्या टाक्या भरायचं काम त्याच्याकडे असतं. म्हणजे तुम्ही ज्याला डबा म्हणता, त्यात हवा भरणाराच तुमचा जावई होऊ घातलाय. हे ऐकून तुम्ही कॉफीची वाटी खाली ठेवली असेल. उचला परत, गार होईल.

उत्तरेचा वारा आहे तोवर, मार्चमध्ये, लग्न करायचं म्हणतोय. निकाहला वली म्हणून, मला देणारा म्हणून, तुम्ही बसायला हवं. अली काका तुमच्या जागी बसायला तयार आहेत. तुम्ही नुसती परवानगी पाठवलीत तरी काझींची हरकत नाही. आत्याने तर काकांचा पांढरा झगा धुऊन, नीळ घालून वाळतही टाकला. पण मला काका नकोत. मला तुम्हीच हवे आहात. तुम्ही येणार नसाल तर यंदा लग्न नाही, असं मी घरात सांगून टाकलंय. हेमेदी म्हणाला, “म्हणजे माझं लग्न तुझ्याशी नाही, तुझ्या बाबांच्या मर्जीशी आहे.”

मी म्हटलं, तसंच समज.

कोम्बो नाखवा गुरुवारी तिकडून निघेल. त्याच्याकडे काय तो निरोप द्या.

तुमची सोमोए


मटांगानी, २५ नोव्हेंबर

बाबा,

कोम्बो नाखवा आला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, हाच निरोप. पण रिकाम्या हाताने यायची त्याची रीत नाही, त्याने वर्णन आणलं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून जाळं सांधत होतात, धाकटी आई वाचत होती, आणि लग्नाची ओळ आली तेव्हा तुमच्या हातून सुई पडली.

“उचलली का?” मी विचारलं.

“उचलली. पण जरा उशिरा.”

तेवढ्यावर मी हे दिवस आनंदात काढले आहेत. माणसाने किती थोडक्यात खूश व्हावं!

आज तुम्हाला माझं काम सांगते. गावात काय काय बोलतात ते तुमच्यापर्यंत पोचलं असेलच, म्हणून आधी पोशाखाचं. माझा तो पाण्यातला काळा पोशाख गळ्यापासून घोट्यापर्यंत आहे, वर टोपी, हातमोजे, आणि कमरेला मी माझं जुनं लेसोचं कापड गुंडाळते. आत्याच्या बुईबुईच्या काळ्या बुरख्यातून तरी तोंड दिसतं. माझं नाकसुद्धा काचेच्या आत असतं. त्यात पाण्याखाली कोणी बोलू शकत नाही, त्यामुळे पुरुषांशी गप्पा मारते हा आरोपही टिकत नाही. तुमच्या मुलीला गप्प बसायची जागा शेवटी समुद्राच्या तळाशीच सापडली म्हणायची.

काम सोपं आहे. खाली जायचं, वाळूवर गुडघे टेकून बसायचं आणि बघायचं. कासव काय करतं ते पाटीवर लिहायचं. पाण्याखाली पेन्सिल चालते, तुम्हाला माहीत नसेल. कासवाच्या मागे लागायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, पाच वावांच्या आत जायचं नाही, असा डॉक्टर नेकेसांचा नियम आहे. त्या आमच्या मुख्य. मूळच्या डोंगराकडच्या, पोहायला मोठेपणी शिकल्या, आणि भरतीचं वेळापत्रक अजून भिंतीवरून वाचतात. पण त्यांची चिकाटी बघून तुम्ही त्यांना जाळ्यावर ठेवलं असतं. कासवं रोज कुठे खातात, कुठे झोपतात, कुठे अंग साफ करून घेतात हे एकदा पक्कं कळलं, की तेवढ्या जागी मोठी जाळी टाकू नका असं गावाच्या बैठकीत सांगता येईल.

हेमेदीला मी तुमच्याबद्दल सांगितलं. म्हटलं, माझ्या वडिलांनी कधी गळ टाकून कासव धरलं नाही. ते चाझो पाळायचे. डोक्यावरच्या चकतीने चिकटणारा तो मासा, त्याच्या शेपटीला दोरी बांधून पाण्यात सोडायचे, तो कासवाला चिकटला की दोघांना मिळून वर ओढायचे. तो म्हणाला, “आमच्याकडे असे चिकटणारे पाहुणे असतात. मासे नाही पाहिले.”

पण बाबा, एक गोष्ट माझ्या मनात येते ती सांगू का? तुमच्या हाती कासव यायचं तेव्हा ते घाबरलेलंच असायचं. तुम्ही आयुष्यभर हजारो कासवं पाहिलीत, पण न घाबरलेलं कासव तुम्ही कधी पाहिलंच नसेल. ते मी बघते.

बाहेरच्या खडकापाशी दोन मोठे धोंडे आहेत, मधे अंगणाएवढी वाळू. तिथे सकाळी कासवं येतात. मान लांब करतात, चारही पाय पसरतात, आणि छोटे निळे-पिवळे मासे येऊन त्यांच्या पाठीवरचं शेवाळ खातात. कासव हलत नाही. न्हाव्यापुढे बसलेल्या माणसासारखं डोळे अर्धे मिटून राहतं. एक म्हातारी मादी आहे, तिची पाठ एका बाजूला चेपलेली. तिचं नाव आम्ही आत्या ठेवलंय, कारण ती आली की बाकीच्यांना ढकलून पुढे जाते, जशी आपली आत्या पाण्याच्या टाकीवर जाते. हे आपल्या आत्याला कळलं तर लग्नाच्या पिलावात मीठ पडणार नाही, तेव्हा धाकटी आई, कोम्बोला ऐकू जाईल असं वाचू नकोस.

मलकिया कशी आहे? अजून तुमच्या हातून खाते का? शिकार बंद झाल्यावर बाकी बहुतेकांनी आपापले चाझो सोडून दिले किंवा मरू दिले. तुम्ही मात्र तिला धक्क्याजवळच्या खळग्यात ठेवून रोज मासे भरवलेत. आमच्या वाट्याला तेवढे लाड आले नाहीत.

वली व्हायचं लक्षात ठेवा.

सोमोए


मटांगानी, १९ डिसेंबर

बाबा,

तुम्ही बोललात! कोम्बोने धक्क्यावर उतरायच्या आधी बोटीतूनच ओरडून सांगितलं, “तुझा म्हातारा बोलला गं!” मी हातातलं हवेचं नळकांडं हेमेदीच्या पायावर टाकलं. त्याचा अंगठा अजून काळा आहे.

निरोप असा होता: ‘तिला विचार, कासव झोपतं तेव्हा डोळे मिटतं का.’

मिटतं, बाबा. पण पूर्ण नाही. खडकाच्या कपारीत डोकं खुपसतं आणि मागचा अर्धा भाग बाहेर ठेवून झोपतं. डोकं झाकलं की सगळं जग झाकलं, असं त्याला वाटत असावं, पाहुणे आले की चादर डोक्यावर घेणाऱ्या अली काकांसारखं. मधेच जागं होतं, सावकाश वर जातं, एक मोठा श्वास घेतं आणि परत येऊन त्याच कपारीत, त्याच बाजूने डोकं घालतं. दुसरं कोणी त्या कपारीत असलं तर समोर वाळूवर वाट बघत बसतं. मी एकदा तिथेच बसून राहिले होते. हवा संपत आली तेव्हा डॉक्टरांनी मला पोशाखाला धरून वर ओढलं. वर आल्यावर त्या रागावल्या आणि मग विचारलं, “जागा मिळाली का शेवटी तिला?” मी म्हटलं मिळाली. त्यांनी हुश्श केलं.

पाण्यातून वर आलं की अंगभर एक शांत थकवा असतो. हेमेदी आल्याचा चहा देतो, गार झालेल्या माहामरीच्या गोड पुऱ्या असतात, आम्ही तिघं पाटीवरचं वाचून वहीत उतरवतो आणि कोणीच फार बोलत नाही. मी सुखी आहे, बाबा. हे तुम्हाला कळायला हवं असं वाटतं, म्हणून लिहिते. तुम्ही समजता तशी मी बिघडलेली नाही आणि दुःखीही नाही.

एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आत्याचं, म्हणजे कासवाचं, काहीतरी बिनसलंय. गेल्या आठवड्यापासून ती येते आणि माशांसाठी थांबतच नाही. धोंड्याला मागची डावी बाजू घासते. खाज सुटते म्हणून घासतात तसं नाही, जोर लावून, पुन्हापुन्हा. छोटे मासे जवळ आले की झटकून देते. डॉक्टर म्हणतात पोटाखाली शिंपले धरले असतील. आम्ही लांबूनच बघतो, आणि तिची ती बाजू नेहमी धोंड्याकडे असते. मला काही बरं वाटत नाही.

तुम्हाला आणखी काही विचारायचं असेल तर विचारा. आणि मुख्य प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

सोमोए

धाकटी आई, कोम्बो म्हणाला तू वाचताना माझ्यासारखे हातवारे करतेस. बघितलेस कधी माझे हातवारे? तू आलीस तेव्हा तर मी तुझ्यासमोर बसतही नव्हते.


मटांगानी, २० जानेवारी

बाबा,

आज मसाला नको, गोडवा नको. धाकटी आई, एक शब्दसुद्धा गाळू नकोस.

काल आत्या धोंड्यावरून घसरून वाळूवर उलटी पडली आणि तिची डावी बाजू मला दिसली. मागच्या पायाला दोरीचे वेढे पडले होते. कातडी सोलून पांढरी झाली होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक चाझो होता, तिच्या पोटाला चिकटलेला. दोघं एकमेकांना बांधली गेली होती आणि दोघांनाही सुटता येत नव्हतं.

नियम मोडून मी जवळ गेले. डॉक्टरांनी खुणेने हो म्हटलं. मी सुरीने दोरी कापली. कापताना ती हातात आली, आणि ती दोरी कोणी वळलीय हे मला बघताक्षणी कळलं. काथ्याची, उलट्या पिळाची. फाझापासून किवायूपर्यंत डावखुरा दोरी वळणारा एकच माणूस आहे. गाठही तुमची होती, दुहेरी, टोक आत वळवलेली. मला तीच गाठ तुम्ही शिकवली होती. आणि चाझोच्या परावर तुम्ही खुणेसाठी पाडलेली ती खाच. मलकियाच होती.

म्हणजे तुम्ही अजून शिकार करता. मी इथे तुम्हाला लिहीत होते की न घाबरलेलं कासव कसं झोपतं, आणि तुम्ही ते ऐकून घेत होतात, प्रश्न विचारत होतात, आणि तिकडे होडी काढत होतात. ‘डोळे मिटतं का’ हे तुम्ही कशासाठी विचारलंत, ते आता मला समजलं.

पाटीवर मी फक्त ‘दोरी’ एवढंच लिहिलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणाची असेल? मी म्हटलं, बघते. मी त्यांच्याशी आजवर खोटं बोलले नव्हते.

आता वली म्हणून येऊ नका. ज्या हातांनी ही गाठ मारली त्या हातांनी माझा निकाह मला नको. मी अली काकांनाही विचारणार नाही. लग्नच करायचं नाही मला.

सोमोए


मटांगानी, ३ फेब्रुवारी

धाकटी आई,

हे पत्र तुला आहे. बाबांसाठी मागे वेगळा कागद जोडलाय.

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. इतकं सुंदर अक्षर असणाऱ्या बाईशी मी इतकी वर्षं फटकून वागले, हे वाचता वाचता तीनदा मनात आलं. तू लिहितेस:

‘तुझं पत्र मी वाचलं, त्यांना ऐकवलं नाही. ते शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत. जेवायला वाढायचं मी, औषध चोळायचं मी, आणि शिव्याही तुझ्या वतीने मीच घालायच्या होय? भांडायचं असेल तर इथे येऊन स्वतःच्या आवाजात भांड. मी कोरा चेहरा ठेवून वाचलं की हेमेदी नारळाच्या रसातला मासा करायला शिकला आणि त्याने तो करपवला. ते हसले.’

हेमेदी म्हणतो, करपवल्याचं खोटं कशाला सांगायचं, मी खरोखरच करपवतो.

आणि मग तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तू त्यांना सहज विचारलंस, मलकिया हल्ली खळग्यात दिसत नाही ती? आणि ते म्हणाले की सोडली. माझं न घाबरलेल्या कासवाचं पत्र तू वाचलंस, त्यानंतर दोन दिवस ते जेवायला बसून न खाताच उठत होते. मग पहाटे मलकियाला होडीत घालून एकटेच बाहेरच्या खडकापर्यंत वल्हवत गेले. पाण्यात तांदूळ टाकले, तिची माफी मागितली आणि तिला सोडून आले. ‘ज्याने कासव कधी निवांत पाहिलं नाही त्याने आता चाझो ठेवून काय करायचंय,’ असं म्हणाले.

आणि दोरी? मालकाच्या घरून चाझो बोडक्या शेपटीने निघत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मी चाझोवाल्याची मुलगी. त्यांच्या आजोबांपासूनची रीत: म्हातारा झालेला चाझो सोडताना शेपटीचं कडं आणि हातभर दोरी तशीच ठेवायची, म्हणजे दुसऱ्या कोणाला तो सापडला तर कळावं की याने एका घरात चाकरी केलीय, याला पुन्हा कामाला लावू नये. बाबांनी तर हातभराची वावभर ठेवली असणार, मानाने पाठवायची म्हणून. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं झालं माझं. तू ते पत्र चुलीत घातलंस हे बरं केलंस.

डॉक्टर नेकेसांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ दोरीचा तुकडा हातात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे ही शिकार नव्हे, ही पाठवणी होती.” आणि वहीत ‘दोरी’ या शब्दापुढे तेच लिहिलं.

आता पुढचा कागद त्यांना वाच. तुझ्या आवाजात, हातवाऱ्यांसकट.

*

बाबा,

मलकिया भेटली. ती ठणठणीत आहे. आमच्या बोटीच्या बुडाला चिकटून असते आणि आम्ही मासे साफ करायला बसलो की खाली घिरट्या घालते. तुमच्या सवयी तिच्या अंगी आहेत, खायच्या वेळेला बरोबर हजर.

पण एक वाईट गोष्ट मला सांगायलाच हवी. ती मी लपवली तर उद्या पुन्हा तसंच होईल. तुम्ही तिच्या शेपटीला मानाची दोरी ठेवलीत ना, ती आत्याच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्या कासवाच्या, पायात अडकली. बरेच दिवस ती धोंड्यावर अंग घासत होती, ती त्यासाठी. मी दोरी कापली. पाय वाचला, जखम भरत आलीय. काल ती परत माशांसमोर मान लांब करून बसली आणि एका तरुण कासवाला ढकलून पुढे गेली. म्हणजे प्रकृती सुधारली.

तुमचा दोष नाही. ती खूण ओळखणारे तेव्हा घरोघरी होते. आता खूण ओळखायला कोणी उरलं नाही, नुसती दोरी उरते. तुमचे मित्र शी आणि अथमानी यांच्याकडे अजून एकेक चाझो आहे असं कोम्बो म्हणतो. सोडतील तेव्हा कडं कापून सोडायला सांगाल का? माझं ते ऐकणार नाहीत. दाराशी उभंही करणार नाहीत.

लग्न मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी ठरवलंय. मी मध्ये नाही म्हणाले होते, ते तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत करून घेण्यासारखं काही नाही. काकांना मी अजून हो म्हटलेलं नाही. झगा मात्र पुन्हा एकदा धुतला गेलाय.

सोमोए


मटांगानी, १२ मार्च

धाकटी आई,

तुझ्या लेकीला मुलगा झाला, बाळंतीण बरी आहे, हे कोम्बोने सांगितलं. तू येऊ शकली नाहीस हे बरोबरच झालं, पण मला वाईट वाटलं. मला वाईट वाटलं याचं मलाच नवल वाटलं. आणि बाबा घरी आल्यावर तुला काही नीट सांगणार नाहीत हे मला माहीत आहे. ‘झालं लग्न, पिलाव चिकट होता,’ एवढं सांगून जाळं घेऊन बसतील. म्हणून मी लिहिते. हे कोणाला मोठ्याने वाचायचं नाही, तुझं तूच वाच.

ते येणार हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बुधवारी कोम्बोची बोट लागली आणि त्यातून बाबा उतरले, हातात ही एवढी सुरमई शेपटीला धरून. मी धक्क्यावरच होते, पाण्यातून नुकतीच वर आलेली, पाठीवर तो डबा तसाच. त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितलं, पण डबा मात्र नीट बघून घेतला. मग हेमेदीच्या हातात सुरमई दिली आणि म्हणाले, “करपवू नकोस.”

शी आणि अथमानी यांच्याकडे ते दोन-दोनदा जाऊन आले, हे कोम्बोने सांगितलं. अथमानीने त्यांना ‘मुलीच्या शाळेत जातोस काय म्हातारपणी’ असा टोमणाही मारला म्हणे. बाबा तरी बसून राहिले. शेवटी अथमानीने त्यांच्यासमोर चाझोचं कडं कापलं.

त्या रात्री जेवताना मी वाढत होते. मी बोलले नाही. त्यांची शपथ होती आणि ती मला फसवून मोडायची नव्हती. ते हेमेदीला म्हणाले, “तिला सांग, मीठ कमी आहे.” हेमेदी मला म्हणाला, “मीठ कमी आहे.” मी त्याच्या ताटाशेजारी मीठ ठेवलं. तो म्हणाला, “मी काय दोन बेटांमधली होडी आहे का?” आत्या इतकी हसली की तिला उचकी लागली.

गुरुवारी मात्र बाबांनी कोणालाच न विचारता मशिदीमागच्या अंगणात मोठं भांडं चढवलं. स्वतः भात केला, स्वतः मासे शिजवले आणि गावातल्या गरिबांना बोलावून जेवू घातलं. लग्न शुक्रवारी, मग हे गुरुवारी कशाला? आत्या म्हणाली, म्हाताऱ्याला वार कळेनासा झाला. काका म्हणाले, फाझाकडची रीत असेल. हेमेदी कोणी नको म्हणायच्या आत पंगतीत जाऊन बसला. इमामसाहेब दारात उभे राहून नुसते हसत होते.

शुक्रवारी मला आतल्या खोलीत बसवलं. हातापायांवर मेंदी, अंगावर इतका उदाचा धूर की डोळ्यांतून पाणी. बाहेर काझी, हेमेदी आणि सगळे पुरुष. खोली बायकांनी भरलेली. डॉक्टर नेकेसा कोपऱ्यात अवघडून बसलेल्या, कोणीतरी त्यांच्याही तळहातावर मेंदी काढली होती आणि त्या हात हवेत धरून होत्या. मग पडदा सरकला आणि बाबा दोन साक्षीदारांना घेऊन आत आले.

मुलीची संमती कशी विचारतात ते तुला माहीत आहे. मुलीने मान खाली घालून गप्प राहायचं. तिचं गप्प राहणं म्हणजे हो. आपल्याकडे बोलून हो म्हणणारी मुलगी मी तरी पाहिलेली नाही. बाबा माझ्यासमोर चटईवर बसले. दोन वर्षांत इतक्या जवळून मी त्यांना पाहिलं नव्हतं. भुवया पार पांढऱ्या झाल्या आहेत.

“सोमोए,” ते म्हणाले, “वांगाच्या हेमेदीशी मी तुझा निकाह लावून देऊ का?”

मी मान खाली घातली. आत्या म्हणाली, “गप्प आहे. म्हणजे हो. चला, उठा, पिलाव गार होतोय.” बायकांनी आनंदाचा गजर करायला तोंडंही उघडली होती.

बाबा उठले नाहीत.

“गप्प पुष्कळ ऐकलंय मी,” ते म्हणाले. “आता तिने बोलायचं.”

तेव्हा मला गुरुवारच्या जेवणाचा अर्थ लागला. शपथ मोडणाऱ्याने दहा गरिबांना जेवू घालायचं असतं. बाबांनी मोडण्याच्या आदल्या दिवशीच ते करून टाकलं होतं, आणि डबा मी उतरवलेला नव्हता, उतरवणारही नव्हते, हे त्यांनी धक्क्यावर बघितलंच होतं.

मान वर केली तर बाबा पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. मला त्यांना किती किती सांगायचं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

“हो, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मग साक्षीदारांकडे वळून म्हणाले, “डब्यातल्या हवेने आवाज बिघडत नाही म्हणायचा.”

साक्षीदार उठायला लागले. बाबांनी हाताने त्यांना खाली बसवलं आणि मला म्हणाले, “पुन्हा म्हण.”

धाकटी आई, निकाहला एकदा पुरतं. त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं.

तुझी सोमोए